रिकामे मणी

“हातगुण म्हणे! मग पेपरात लिहा ना तसं. बफर अमुक, तापमान चार डिग्री, आणि शैलजाताईंचा हातगुण, दोन मायक्रोलिटर.”

ऋजुता हे पुटपुटली ती कोल्ड रूममधल्या लोखंडी रॅकच्या त्या बाजूला, आणि ह्या बाजूला खुद्द शैलजाताई उकिडव्या बसून खालच्या कप्प्यात बफरची बाटली शोधत होत्या. मध्ये पुठ्ठ्याचे चार खोके आणि गार हवा फेकणारा पंखा. इतक्या जवळून, की ऋजुताच्या बुटाची सुटलेली नाडी दिसत होती. तिच्याबरोबरचा समीर हसला. “हळू बोल ना यार,” एवढंच म्हणाला. शैलजाला ऋजुताचं बोलणं तितकंसं लागलं नाही. सहा महिन्यांपूर्वी पुण्याहून आलेली पोरगी, तिच्या जिभेला धार आहे हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. लागलं ते समीरचं ‘हळू’. बोलणं खोटं वाटलं असतं तर तो ‘काहीतरीच काय’ म्हणाला असता. माणूस हळू बोलायला सांगतो ते खरं बोलणाऱ्याला. दोघं निघून गेली, दार धप्पकन लागलं, तरी ती तशीच बसून राहिली. चार डिग्रीत बोटं आधी दुखतात आणि मग आपली वाटेनाशी होतात. तिनं दोन्ही हात डोळ्यांसमोर धरले. अठरा वर्षं ह्या हातांनी काचसामान धुण्यापासून सुरुवात करून इथवर आणलं होतं, आणि आज पहिल्यांदा तिला ते कुणीतरी तपासायला ठेवल्यासारखे दिसले.

हातगुण हा शब्द लॅबमध्ये आणला रघुवीर सरांनी. सर इंदूरच्या जुन्या मराठी घरातले, पणजोबा संस्थानच्या दप्तरात होते वगैरे. मराठी बोलता बोलता हिंदीत कधी शिरतील आणि परत कधी येतील ह्याचा नेम नाही. “शैलजाजी, आपके हाथ में कुछ है. आपल्यात म्हणतात ना, हातगुण, वही.” चार वर्षांपूर्वी प्रयोगात पहिल्यांदा तो काळा पट्टा, बँड, आला तेव्हा म्हणाले होते. प्रयोग सांगायला तसा सोपा. पेशीत हजारो प्रोटीनं गर्दीनं फिरत असतात, पण कोणी कोणाला उगाच धरत नाही. एखाद्याच्या अंगावर ठरावीक जागी फॉस्फेटचा एक इवलासा गट येऊन बसला की दुसरं कुठलंसं त्याला ओळखतं, धरतं, आणि मग पेशीत पुढचं काही घडतं. फॉस्फेट उतरलं की हात सुटतो. वासुदेवला, म्हणजे नवऱ्याला, तिनं हे गरब्याच्या मैदानावरून समजावलं होतं: फाटकावर मनगटाला शिक्का मारतात ना, तसं. आतला माणूस तुम्हाला ओळखत नाही, शिक्क्याला ओळखतो. वासुदेव म्हणाला होता, “आणि घामानं पुसला गेला तर?” “तर बाहेर,” ती म्हणाली होती, आणि आपल्याला इतकं नीट समजावता आलं ह्याचं तिला दिवसभर बरं वाटलं होतं.

समीरच्या थिसिसमधली दोन प्रोटीनं अशीच. त्यांची खरी नावं आकडे-अक्षरांची, जीभ अडखळणारी. समीरनं पहिल्याच आठवड्यात एकाचं पोहा केलं आणि दुसऱ्याचं जलेबी. “इंदूर में अलग-अलग मिलता है क्या कहीं, ताई?” पोहा बारीक मण्यांवर चिकटवायचा, साबुदाण्यापेक्षा कितीतरी बारीक, ते मणी पेशींच्या रसात फिरवायचे, धुवायचे, आणि मण्यांबरोबर काय ओढून आलं ते बघायचं. बघायचं म्हणजे जेलवर चालवून वजनाप्रमाणे वेगळं करून, कागदासारख्या पापुद्र्यावर उतरवून, फॉस्फेट ओळखणाऱ्या अँटीबॉडीला विचारायचं. जलेबीवर फॉस्फेट असेल आणि तिनं पोह्याला धरलं असेल, तर वजनाच्या तिशीच्या खुणेजवळ काळा बँड येतो. शैलजानं केलं की येतो. स्वच्छ, एकच, काजळाची काडी ओढल्यासारखा. फॉस्फेट उतरवणारं एन्झाइम घातलं की पुसला जातो. ह्याहून चांगला पुरावा काय हवा? पेपर लिहून झाला, आणि त्यावर लेखकांच्या ओळीत तिसरं नाव शैलजाचं होतं. बी.एस्सी. झालेल्या, इंग्रजी बाटल्यांवरच्या लेबलांवरून शिकलेल्या बाईचं. तिनं ती ओळ मोबाइलवर किती वेळा मोठी करून पाहिली हे तिचं तिलाच माहीत. पण जर्नलच्या परीक्षकांचं पत्र आलं: प्रयोग दुसऱ्या व्यक्तीच्या हातून करून दाखवा. सरांनी काम ऋजुताला दिलं. तिनं तीनदा केला. तिन्ही वेळा तिशीच्या खुणेजवळ काही नाही. पापुद्रा कोरा, नुसता पांढरा.

तेव्हापासून लॅबमध्ये काहीतरी बदललं होतं आणि ते नेमकं काय हे शैलजाला बोट ठेवून सांगता येत नव्हतं. ती आत आली की बोलणं थांबायचं, किंवा थांबायचं नाही पण विषय पोह्यावरून खऱ्या पोह्यावर जायचा. तिच्या ड्रॉवरमधली वही उलटी ठेवलेली सापडली; की तिनंच ठेवली होती? पिपेट एकदा पाचाऐवजी सहाच्या खाचेत. सरांचं ‘शैलजाजी’ जास्तच गोड झालं होतं, जसं डॉक्टर रिपोर्ट हातात धरून आधी चहा घेणार का विचारतो. ह्यांना वाटतंय मी फसवते. वाटतंय मी कुठूनतरी बँड आणून चिकटवते. एकदा हा विचार शिरला की मग सगळंच त्याला येऊन चिकटायला लागलं: ऋजुताचं तिच्या हातांकडे बघणं, समीरचं न बघणं, सफाईवाल्या बाईचं ‘क्या हुआ दीदी’. त्यात तिला बेटमा गावातली आपली आई आठवत राहिली. वडील तिथल्या शाळेत मास्तर, आणि आईच्या लोणच्याला म्हणे हातगुण. आळीतल्या बायका बरण्या घेऊन यायच्या, नुसता हात लाव म्हणायच्या, मग बुरशी येत नाही. शैलजा सात-आठ वर्षांची असेल. दुपारी सगळे झोपलेले असताना आई बरणी उघडून वरचा पांढरा थर डावेनं हळूच काढत होती, पेपरात गुंडाळत होती, आणि वर ताजं तेल ओतत होती. शैलजाला पाहून दचकली नाही. म्हणाली, “वरवरचंच होतं गं.” त्या दिवसापासून शैलजानं हातगुण हा शब्द कधी पुरता विश्वासानं ऐकला नाही, आणि तरीही सरांनी तो म्हटला तेव्हा तिचे कान गरम झाले होते. माणसाचं हे असं असतं, जे नको म्हणून ठेवलेलं असतं तेच कुणी हातावर ठेवलं की मूठ मिटते.

तिनं समीरला गाठलं सकाळच्या चहाला, संस्थेच्या फाटकाबाहेरच्या ठेल्यावर. तो खरे पोहे खात होता, वर शेव, बाजूला जिलबी.

“समीर, एक विचारू? खरं सांगशील?”

“ताई, तुमच्याशी झूठ बोलून मी कुठे जाणार.”

“ऋजुताला का येत नाही बँड?”

त्यानं जिलबी मोडली. “येईल ना. नवीन आहे ती. पुण्याची लोकं किताब बघून करतात, अपन अंदाजानं करतो.”

“मी अंदाजानं करते?”

“अरे मतलब तसं नाही ताई. अनुभव. अनुभव म्हणायचं होतं.” मग घाईनं, “टेंशन नका घेऊ हो, पुढच्या महिन्यात थिसिस जमा झाला की मी तुम्हाला रात्री सराफ्यातल्या खाऊच्या ठेल्यांवर पार्टी देणार आहे.”

तिनं टेंशन घेतलं. समीर गेली चार वर्षं तिच्या बाकाशेजारी बसून तिचा प्रत्येक प्रयोग बघत आलेला मुलगा. वडील सियागंजात दुसऱ्याच्या किराणा दुकानात काट्यावर उभे राहतात, घरात पहिला हाच पीएच.डी.पर्यंत पोचलेला. तो तिच्या नजरेला नजर देत नव्हता ती चीड होती की लाज, हे तिला ओळखता येईना. ऋजुतानं कान भरले असतील, दुसरं काय. पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेतून आलेली, हिला तिसऱ्या क्रमांकावर एक टेक्निशियन बाई सहन होत नसणार. नाव काढायचं म्हणजे आधी हात बदनाम करायचा. हे सगळं इतकं नीट जुळत होतं की शैलजाला थोडं समाधानसुद्धा वाटलं. संशयाचं एक बरं असतं, तो माणसाला रिकामं बसू देत नाही.

त्याच भरात ती मंगळवारी ऋजुताच्या बाकापाशी जाऊन उभी राहिली. ऋजुता तराजूवर कसलीशी पांढरी पूड मोजत होती. पापुद्र्यावर भलतंसलतं चिकटू नये म्हणून तो आधी कशात तरी भिजवून ठेवतात; ह्या लॅबमध्ये त्यासाठी दूध पावडर वापरायची पद्धत, सियागंजातून मोठी पिशवी येते.

“दूध नाही वापरत तू?” शैलजानं आवाजात जमेल तितका साधेपणा आणला. “हे अल्ब्युमिन बरंच महाग आहे गं.”

“फॉस्फोच्या अँटीबॉडीला दूध नको ना, ताई. केसीनवर केवढं फॉस्फेट असतं.”

“केसीन म्हणजे दुधातलं?”

“हो, दुधातलं मेन प्रोटीन. अँटीबॉडी त्यालाच जाऊन चिकटते मग. पापुद्रा करडा येतो बघा सगळा.” ऋजुता तराजूवरून मान वर न करता बोलत होती. मग वर बघितलं. “तुमचे पापुद्रे तसे येतात थोडे. पण बँड येतो ना, त्यामुळे कोणी काही म्हणत नाही.”

शैलजा ‘हं’ म्हणाली आणि आपल्या स्टुलावर येऊन बसली. एसी चालू असताना तिच्या मानेला घाम आला होता. पापुद्र्याचं काही नव्हतं, पापुद्रा करडा असला तर असू दे. पण मणी. चार वर्षांपूर्वी पहिल्या महिन्यात मणी घाण येत होते, वाट्टेल ते चिकटून यायचं, सगळी प्रोटीनं दाखवणाऱ्या रंगात जेलवर नुसता चिखल. कोणाला काही सुचत नव्हतं. तेव्हा तिच्या मनात आलं, पापुद्रा दुधात भिजवतो तर मणी का नाही? अर्धा तास दुधात, तीन वेळा धुणं. चिखल गेला. एकच स्वच्छ बँड उरला. हे तिनं लिहून ठेवलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. पोळ्या करताना कणकेला तेलाचं बोट लावतो ते कुणी कृतीत लिहितं का? लिहिलेल्या कृतीत दूध नव्हतं, ऋजुता लिहिलेल्या कृतीनं करत होती. आणि रिकामे मणी, पोहा न लावलेले, ज्यांच्यावर काहीच यायला नको हे दाखवायचं असतं, ते त्यांनी एकदाच चालवले होते, पहिल्याच महिन्यात, दुधाच्या आधी. अँटीबॉडीला तेव्हा तिशीजवळ काही दिसलं नव्हतं; तोच फोटो पेपरात होता. त्यानंतर रिकामे मणी पुन्हा चालवायचं कुणी काढलंच नव्हतं. केसीन जेलवर कुठे धावतं हे बघायला तिनं मोबाइल काढला, आणि उत्तर यायच्या आधीच तिला आकडा माहीत होता. तिशीच्या आसपास. आणि एन्झाइम घातलं की बँड जातो, तो जाणारच. एन्झाइमला काय, ते जलेबीवरचं फॉस्फेट उतरवेल तसंच दुधावरचं.

आणखी एक आठवलं आणि ते सगळ्यात वाईट होतं. त्या सुरुवातीच्या दिवसांतच सर एकदा दारात येऊन उभे राहिले होते. तिच्या हातात ट्यूब होती. “मणी... दुधात?” त्यांनी विचारलं होतं. ती ‘हो सर’ म्हणाली होती. ते क्षणभर थांबले. इतक्या वर्षांनी तो क्षण तिला पुन्हा लांबलचक दिसला, चष्मा वर सरकवलेला, तोंड किंचित उघडं, जसं काही विचारणार. मग कुणाचा तरी फोन आला आणि ते गेले. पुन्हा कधी विचारलं नाही. समीर तर शेजारीच बसायचा. म्हणजे इतके दिवस ती ज्यांच्याकडे हे मला खोटी ठरवतायत म्हणून बघत होती, ते कदाचित... पण हा विचार तिनं पुढे जाऊ दिला नाही. आधी करून बघायचं. माणसांवर संशय घेण्यापेक्षा मण्यांवर घेतलेला बरा, ते निदान दोन दिवसांत उत्तर देतात.

बुधवारी घरी वासुदेव सांवेर रोडच्या कंपनीनं निवृत्तीला दिलेलं पितळी पंपाचं मॉडेल शोकेसमधून काढून पुसत होता. “हे बेडरूममध्ये हलवतो,” तो म्हणाला. “इथं तुझा पेपर फ्रेम करून लावू. स्पृहाला सांगितलंय, ती बेंगळुरूहून चांगली फ्रेम पाठवतेय.” स्पृहा, त्यांची मुलगी, दोन वर्षांपूर्वी नोकरीला गेली, तेव्हापासून घरात बोलणं म्हणजे स्पृहाचा फोन आला का आणि स्पृहा काय म्हणाली. शैलजा सोफ्यावर बसून नवऱ्याच्या पाठीकडे बघत राहिली. आपण दोघांनी एकमेकांना धरलं होतं की मधे कुणीतरी होतं म्हणून तसं दिसत होतं? असल्या गोष्टींत रिकामे मणी चालवून कोण बघतं. लग्नाआधी एकदा पाहिलेलं, ते जमलं, पुढे कुणी तपासलं नाही. “काय गं, पंप जाऊ देऊ नको म्हणतेस का?” वासुदेवनं विचारलं. “राहू दे ना तो तिथंच,” ती म्हणाली. “जड आहे, पाठ धरेल तुमची.” त्यानं फडकं खाली ठेवलं. “काही झालंय का लॅबमध्ये?” तिनं नाही म्हटलं. त्यानं पंप जागेवर ठेवला आणि न विचारता तिच्यासाठी चहा टाकला. साखर कमी, आलं जास्त, तिला लागतो तसा. हे त्यानं कधी आणि कुणाकडून शिकून घेतलं, ते तिला आठवेना.

गुरुवारी दुपारी मशीनच्या पडद्यावर चित्र उमटलं. चार लेन, शेजारी-शेजारी उभ्या रांगा. पहिलीत पोहा लावलेले मणी, दुधात भिजवलेले. दुसरीत रिकामे मणी, दुधात भिजवलेले. तिसरी-चौथीत तेच दोन, दुधाशिवाय. तिसरी-चौथी कोरी. पहिलीत बँड. दुसरीत बँड. तितकाच काळा, तितकाच स्वच्छ, काजळाची काडी. तिनं चित्र मोठं केलं, लहान केलं. खोलीत कुणी नव्हतं. फाइल पुसायला एक बटण पुरलं असतं आणि पापुद्रा टाकायची पिवळी पिशवी पायाशीच होती. पेपर, तिसरं नाव, समीरचा थिसिस, स्पृहाची कुरिअरमध्ये निघालेली फ्रेम. शैलजानं बटणावर बोट ठेवलं सुद्धा. वरवरचंच होतं गं. मग तिनं प्रिंट काढली, घडी घातली, आणि पर्समध्ये डब्याच्या खाली ठेवली.

शुक्रवारच्या मीटिंगला चौघंच. सरांनी परीक्षकांचं पत्र पुन्हा वाचून दाखवलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. “देखो, मी असा विचार केला. शैलजाजी करतील, ऋजुता शेजारी उभी राहील, नाव ऋजुताचं लिहू. दोघींचा मिळून हात लागला, म्हणजे झालं ना? खोटं काही नाही त्यात.” समीरनं मान हलवली, जरा जास्तच वेळ. ऋजुता पेनाचं टोपण काढत-घालत होती. सगळ्यांना हायसं वाटलंय हे शैलजाला हवेत कळलं. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि ती नजर संशयाची नव्हती. इतके दिवस ती चुकीची नजर वाचत होती. घरात आजारी माणसाला अजून सांगितलेलं नसतं तेव्हा बघतात, तसे बघत होते. प्रेमानं, आणि आपलं काम अडू नये म्हणूनही.

तिनं पर्समधून प्रिंट काढून टेबलावर उलगडली.

सर वाकले. “हे कधी केलं?”

“काल.”

“दुसरी लेन जरा... एक्सपोजर जास्त झालंय वाटतं.”

“नाही सर. सगळ्या लेनला एकच असतं.”

“ट्यूब बदलली असेल ताई,” समीर म्हणाला. “होतं कधी कधी.” दुसरी लेन कशाची, हे त्यानं विचारलं नाही. सरांनीही नाही. प्रिंटवर लेनची नावं तिनं लिहिलेली नव्हती, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. तिनं समीरकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते आणि हनुवटी लहान मुलासारखी हलत होती. ऋजुतानं टोपण घालून पेन खाली ठेवलं. तिच्या तोंडावर जिंकल्याचं काही नव्हतं. “राहू दे ना ताई आता,” ती अगदी हळू म्हणाली. “सर ठरवतील काय ते.”

“बरोबर,” सर म्हणाले. “बैठकर देखते हैं. बॅकग्राउंड असू शकतं, अँटीबॉडीची बॅच असू शकते, बहुत सी चीजें होती हैं, शैलजाजी...” आणि ते प्रिंटची घडी घालू लागले. शैलजानं घडीवर हात ठेवला.

“सर, ही दुसरी लेन रिकाम्या मण्यांची आहे. पोहा आणि जलेबी एकमेकांना धरतच नाहीत. चार वर्षं आपण दुधाचा फोटो काढतोय.”